जोतिबाचा डोंगर कोणी बांधला?

कोल्हापूर हे प्राचीन शहर आहे हे पटवून द्यायला भाविकाला करवीरमाहात्म्य पुरते आणि अभ्यासकाला ब्रह्मपुरीची टेकडी. पंचगंगेच्या काठावरील या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकाळातील वस्ती उजेडात आली. समुद्रदेव पोसायडनची एक लहानशी कांस्यमूर्तीही याच टेकडीने दिली. भूमध्य समुद्राकडचा माल सह्याद्री ओलांडून या काठापर्यंत पोचत होता, याचा हा हाती धरता येणारा पुरावा आहे. त्यापुढच्या काळाची साक्ष अंबाबाईचे देऊळ देते, आणि बाराव्या शतकातील शिलाहारांची कारागिरी पाहायची तर थोडी वाट वाकडी करून खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप गाठता येतो. कोल्हापूरला येणारा चोखंदळ प्रवासी ही सगळी ठिकाणे मान वर करून, खांबाखांबापाशी थांबून पाहतो. मग तो जोतिबाला जातो, आणि तिथे मात्र दर्शन घेऊन परततो. शहराच्या वायव्येला, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच असलेल्या वाडी रत्नागिरीच्या त्या डोंगरावर शेजारी शेजारी उभी असलेली दगडी देवळे कोणी बांधली, केव्हा बांधली, अशीच का बांधली, हे प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाहीत. आले तरी ‘फार जुनी आहेत’ एवढ्या उत्तरावर तो समाधान मानतो.

या पुस्तकाचा विषय तोच न विचारलेला प्रश्न आहे, आणि प्रस्तावनेत त्यामागची भूमिका सांगणे आवश्यक वाटते. जोतिबा हे दैवत किती जुने, ही चर्चा येथे नाही. आज डोळ्यांना दिसणारा जोतिबाचा डोंगर, म्हणजे ती शिखरे, ते प्राकार, त्या तळ्यांच्या पायऱ्या, हे बहुतांशी अठराव्या शतकातील मराठ्यांचे बांधकाम आहे. ते तसे ओळखले तर त्याचे अप्रूप वाढते, असे माझे म्हणणे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या अज्ञात राजाने बांधले असे मानून हात जोडण्यात जो विस्मय वाटतो, त्याहून अधिक विस्मय या गोष्टीत आहे की एकमेकांशी लढलेल्या दोन गाद्यांची माणसे, एका पिढीच्या अंतराने, एकाच डोंगरावर एकमेकांशेजारी दगड रचत होती.

प्रथम साले आणि नावे पाहू. मूळ देऊळ कराडजवळच्या किवळ गावच्या नावजी नावाच्या भक्ताने बांधले, असे परंपरा सांगते. त्या जागी १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी आजचे जोतिबाचे, म्हणजेच केदारनाथाचे, देऊळ उभारले. १७५० मध्ये प्रीतिराव चव्हाण हिंमतबहादूर यांनी चोपडाईचे देऊळ बांधले. १७८० च्या सुमारास पन्हाळकर आडनावाच्या मालजींनी रामलिंगाचे, आणि १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी केदारेश्वराचे. गावाबाहेर यमाईचे देऊळ आहे, तेही राणोजींचेच. यमाईसमोर दोन तीर्थे आहेत: जमदग्नी तीर्थ राणोजींनी बांधले आणि दुसरे १७४३ मध्ये करवीरच्या राणी जिजाबाई यांनी. ही यादी नुसती वाचली तर एखाद्या देवस्थानाच्या माहितीफलकासारखी वाटेल. ती महाराष्ट्राच्या नकाशावर ठेवून वाचली की तिचा अर्थ उलगडतो.

जोतिबाचा डोंगर पंचगंगा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात आहे. १७३० साली हा मुलूख भांडणाचा होता. सातारची गादी शाहू महाराजांची, करवीरची संभाजी महाराजांची. दोघे चुलतभाऊ, दोघेही शिवछत्रपतींचे नातू. त्याच वर्षी वारणेकाठी संभाजींच्या फौजेचा सातारकरांनी पराभव केला, आणि करवीरच्या राजघराण्यातील स्त्रिया सातारकरांच्या हाती पडल्या. त्यांपैकी ताराबाई त्यानंतर साताऱ्यातच राहिल्या. एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह झाला आणि वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकडे राहिला. आता राणोजी शिंदे कोण? साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे, बाजीराव पेशव्यांचे सरदार, म्हणजे सातारच्या बाजूचे. १७२८ च्या अखेरीस अमझेऱ्याची लढाई जिंकून मराठे माळव्यात उतरले होते, आणि पुढे माळव्याचा वसूल शिंदे, होळकर, पवार यांच्यात वाटला गेला. त्या नव्या बळावर राणोजींनी आपल्या कुळदैवताचे देऊळ बांधायला घेतले ते प्रतिस्पर्धी गादीच्या मुलखात, पन्हाळ्याच्या अगदी नजरेसमोर, आणि तेही दोन्ही गाद्यांचे हाडवैर ऐन भरात असताना. आपल्या एका मुलाचे नावही त्यांनी जोतिबा ठेवले होते.

दुसऱ्या बाजूची नावे पाहिली की चित्र पुरे होते. हिंमतबहादूर चव्हाणांचे घराणे करवीरकडचे. उदाजी चव्हाण तर त्या वारणेच्या लढाईत संभाजींच्या बाजूने होते. त्याच घराण्याने वीस वर्षांनी राणोजींच्या देवळाला लागून चोपडाईचे देऊळ बांधले. जिजाबाई या पराभूत संभाजी महाराजांच्या राणी. पुढे १७६० नंतर तेरा वर्षे करवीरचा कारभार त्यांनीच पाहिला. त्यांनी तीर्थ बांधले ते यमाईसमोर, राणोजींच्या तीर्थाच्या सोबतीला. यातील कोणीही आधीच्याचे काम झाकले नाही, पाडले नाही, त्याहून उंच चढण्याचा हट्टही धरला नाही. नव्या देवळाला जागा हवी होती तर ती बाजूला शोधली. मध्ययुगीन सत्तांनी एकमेकांची स्मारके कशी मिटवली याची उदाहरणे जगभर आहेत. येथे वैरी असलेल्यांनी एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून बांधले आहे, आणि तो शेजार आजही उभा आहे. हा पुरावा कागदात नाही, दगडात आहे, म्हणून तो मला अधिक मोलाचा वाटतो.

१८०८ चे केदारेश्वराचे देऊळ या मालिकेतील शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत बोलके. दौलतराव शिंद्यांचा १८०३ मध्ये इंग्रजांनी असई आणि लासवारी येथे पराभव केला; सुर्जी-अंजनगावच्या तहात दिल्ली, आग्रा आणि दोआबाचा मुलूख गेला. १८०८ साली दौलतरावांचा मुक्काम छावण्यांतच होता; ग्वाल्हेरजवळची लष्कर ही राजधानी १८१० मध्ये वसली. स्वतःच्या राजधानीचा वाडा उभा राहण्याआधी या घराण्याने शेकडो कोसांवरच्या मूळ दैवताच्या डोंगरावर नवे देऊळ पुरे केले होते. आणि ते साधेसुधे नव्हे. आत गेल्यावर प्रथम लक्ष जाते ते जे नाही त्याकडे: खांब नाहीत. सारा भार भिंतींवर आणि छताच्या जुळणीवर तोलला आहे. देवळासमोरच्या लहान घुमटीत काळ्या दगडाचे दोन नंदी शेजारी शेजारी बसले आहेत. शंकरापुढे एकच नंदी पाहायची सवय असलेल्या माणसाचे पाऊल तिथे हमखास थबकते. पराभवानंतर पाच वर्षांनी, उतरत्या काळात, इतक्या धाडसाचे बांधकाम हाती घेणाऱ्या माणसांच्या मनात काय असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. हे काम हातचे राखून केलेले दिसत नाही, एवढे मात्र कोणीही म्हणेल.

येथे अभ्यासकांची एक रास्त शंका येते. ही साले मुख्यतः १८८६ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधून पुढे आली. ती तिथे स्थानिक माहितीवरून नोंदली गेली, आणि पुढच्या प्रत्येकाने ती उतरवून घेतली. एवढ्याशा आधारावर एवढा डोलारा उभा करावा का? शंका मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझा युक्तिवाद एखाद्या सालावर तोललेला नाही. १७३० हे पायाभरणीचे वर्ष असेल किंवा कळस चढल्याचे. ते चार-पाच वर्षे मागेपुढे झाले तरी राणोजींच्या हयातीचा, म्हणजे १७४५ पर्यंतचा, काळ बदलत नाही. वारणेच्या दोन्ही तीरांवरचे तणाव त्या काळात होतेच. शिवाय शिंदे घराण्याचा या काळातील स्वभाव दुसरीकडेही ताडून पाहता येतो. त्याच सुमारास राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उज्जैनच्या महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले. नव्या मुलखात हरवलेले देऊळ परत आणायचे आणि जुन्या मुलखात कुळदैवताचे वाढवायचे, ही दोन्ही कामे एकाच दौलतीतून एकाच काळात चालली होती.

दुसरा आक्षेप भाविकांचा, आणि तो अधिक मनापासूनचा आहे. देवळाकडे इमारत म्हणून पाहिले की देव बाजूला पडतो; जोतिबाने रत्नासुराचा वध करून अंबाबाईचे साह्य केले, त्या डोंगराला सन-सनावळी कशाला? मला वाटते, सन-सनावळी सर्वांत काटेकोरपणे कोणी जपली असेल तर ती भाविकांनीच. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्यांना मानाचे क्रमांक आहेत. पहिला मान सातारा जिल्ह्यातील पाडळीचा, त्यापाठोपाठ पाटण तालुक्यातील विहे, मग करवीरचे हिंमतबहादूर चव्हाण. हा क्रम कोणी मोडत नाही. तहाने वारणा ही दोन राज्यांची सीमा ठरली, तरी नदीपलीकडच्या गावांचा मान अलीकडच्या सरदाराच्या पुढे राहिला. इतिहासकाराला जे दगडांतून शोधावे लागते तेच यात्रेकरू दरवर्षी रांगेने चालून दाखवतात. बांधणारे स्वतः भक्त होते. त्यांचे नाव आणि वर्ष विचारणे म्हणजे त्यांच्या भक्तीची विचारपूस करणे आहे. माघात रविवारी खेटे घालायला कोल्हापूरहून कुशिऱ्यामार्गे, गायमुखावरून पायी चढणारा माणूस अंबाबाई याच वाटेने अनवाणी जोतिबाला आळवायला आली असे मानून चालतो. त्या वाटेच्या शेवटी दिसणारे शिखर राणोजींनी बांधले हे कळल्याने त्याच्या खेट्याला उणेपणा कसा येईल?

तिसरा आक्षेप जाणकारांचा, आणि त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड. खिद्रापूर पाहून आलेल्या डोळ्यांना मराठाकाळातील देवळे अनेकदा जाड हाताची वाटतात. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात छताच्या मध्यभागी आकाश गोल उघडे ठेवले आहे, त्याखाली वर्तुळाकार खांब, आणि एकेका खांबाची घडण कातलेल्या लाकडासारखी नितळ. तशी शिल्पकला जोतिबावर शोधू नये, सापडणार नाही. मधल्या चार-पाचशे वर्षांत मोठ्या दगडी देवळांची परंपरा खंडित झाली होती, आणि अठराव्या शतकातील पाथरवटांना ती जवळजवळ पुन्हा शिकावी लागली. एवढे मान्य करूनही मी म्हणेन की या दोन बांधकामांपुढची कामेच वेगळी होती. कोपेश्वराचा मंडप थोड्या माणसांनी निवांत पाहावा यासाठी आहे. जोतिबाचा प्राकार लाखोंच्या यात्रेला सामावण्यासाठी आहे, आणि त्यातही सासनकाठीसारख्या वस्तूला. तीस-चाळीस फुटांहून उंच वेळू, वर निशाण, चहू बाजूंनी तोरण्या ताणून धरणारी माणसे, आणि हलगी-कैताळाच्या ठेक्यावर ती काठी नाचवणारा एक गडी. ही काठी कुठल्या छताखालून जाणार? म्हणून देवळांभोवती मोकळे फरसबंद आवार हवे, मंडप बेताच्या उंचीचे हवेत, आणि शिखरे मात्र गुलालाच्या धुरळ्यावर, काठ्यांच्या निशाणांवर डोके काढून उभी राहतील इतकी चढती हवीत. जोतिबावर नेमके हेच आहे. देवळे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी बांधली, एकच आराखडा कोणी आखला नव्हता, तरी आवार एकसंध वाटते. कारण प्रत्येक बांधणाऱ्याने यात्रा पाहिलेली होती आणि तिची वाट अडवायची नाही हे त्याला सांगावे लागत नव्हते. पालखी जोतिबाच्या आवारातून निघून यमाईकडे जाते, तो रस्ता हाच या वास्तूचा खरा कणा. कोरीवकामाची मोजपट्टी लावून हे गुण दिसत नाहीत. चालत्या समूहासाठी दगड कसा रचावा याची मोजपट्टी लावली की खिद्रापूर आणि जोतिबा यांच्यात लहानमोठे ठरवण्याची गरज उरत नाही.

या सगळ्यात पाण्याचा विचार सर्वांत कमी होतो, आणि तो खरे तर सर्वांत आधी व्हायला हवा. तीन हजार फुटांवरच्या बेसाल्टच्या डोंगरमाथ्यावर पाऊस भरपूर पडतो, पण चैत्रात, म्हणजे यात्रा असते त्याच महिन्यात, पाणी सर्वांत दुर्मीळ. देऊळ बांधले की नाव होते. तळे बांधले की यात्रा जगते. राणोजींनी यमाईचे देऊळ बांधले आणि लगेच तिच्यापुढे तीर्थही बांधले, जिजाबाईंनी तर देवळाऐवजी तीर्थच निवडले, यातून त्या दोघांनाही डोंगर किती नीट कळला होता हे दिसते. कर्पूरेश्वर, गायमुख आणि उतारावरच्या विहिरी मिळून ही एक जलव्यवस्था होती. जिजाबाईंचे तीर्थ ही या राणीची डोंगरावरची सही आहे. तिच्या कर्तृत्वाबद्दल लिहिताना पन्हाळा आणि राज्यकारभार यांचा उल्लेख होतो, या पायऱ्यांचा फारसा होत नाही. तो व्हावा.

देवळांचा दगड याच डोंगरातला, निळसर काळा. तो फोडणाऱ्या वडारांची आणि घडवणाऱ्या पाथरवटांची नावे कुठल्याही यादीत नाहीत, आणि सरदारांची नावे पुढे करताना ही उणीव मला डाचते. त्यांचे काम ओळखण्याचा मार्ग एकच उरतो: सांधे, छिन्नीचे घाव, एका देवळातून दुसऱ्यात बदलत गेलेली घडणावळ यांची बारकाईने नोंद. ही नोंद आताच करायला हवी, कारण डोंगर बदलणार आहे. मे २०२५ मध्ये चौंडी येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत जोतिबाच्या विकास आराखड्यासाठी सुमारे २५९ कोटी रुपये मंजूर झाले. त्याच वर्षी जुलैत समोरचा पन्हाळा मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. म्हणजे पन्हाळ्याच्या तटाच्या दगडाला आता जगाची नजर आहे, आणि समोरच्या जोतिबावरील दगडाला नाही. यात्रेकरूंना सावली, स्वच्छतागृहे, वाहनतळ हवेतच. लाखोंची गर्दी गुदमरू नये यासाठी रस्ते रुंद व्हावेत, याला माझा विरोध नाही, आणि वारशाच्या नावाखाली भाविकांची गैरसोय करणे हा या वास्तूच्या मूळ हेतूशी द्रोह ठरेल. मागणे एवढेच आहे की काम सुरू होण्याआधी प्रत्येक देवळाचे, ओवरीचे, तीर्थाचे मोजमाप आणि छायाचित्रण व्हावे. दगडावर साठलेला गुलालाचा थर काढताना तो वाळूच्या फवाऱ्याने खरवडू नये; यमाईसमोरच्या तीर्थांच्या पायऱ्या काँक्रीटखाली जाऊ नयेत; आणि आवारातली मोकळी जागा कायमच्या छताने झाकू नये, कारण सासनकाठी छताखाली नाचत नाही.

पुस्तकाची मांडणी याच विचाराने केली आहे. पहिला भाग यमाईच्या आवारापासून, पाण्यापासून सुरू होतो. दुसरा पालखीच्या वाटेने मुख्य आवारात येतो आणि देवळे बांधली गेली त्या क्रमाने घेतो. केदारेश्वर साहजिकच शेवटी येते. वाचकाने डोंगरावर जाताना हाच क्रम धरला तर दर्शनाच्या रांगेतून उलट दिशेने निघाल्यासारखे वाटेल, पण राणोजींचे शिखर आणि दौलतरावांचे शिखर यांच्यातील ७८ वर्षांचे अंतर पायांनी चालून समजेल. चोपडाईपाशी थोडे थांबावे. वारणेकाठी एकमेकांवर चालून गेलेल्या दोन बाजूंच्या भिंती येथे सर्वांत जवळ आल्या आहेत, आणि त्यांच्यामधून आज एका वेळी दोन-तीन माणसे दाटीवाटीने, चांगभलं म्हणत, पुढे सरकत असतात.